यंत्र वावरात येण्याआधी चावडीवर आणा

26 जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात एका ठरावावरून दीड तास वाद पेटला. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातलं गाव, तीनशे-सव्वातीनशे उंबऱ्यांचं. निम्म्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उरलेल्यात तूर आणि सोयाबीन. इंजिनिअरिंगला शिकणारी गावचीच तीन मुलं विज्ञान दिनाला, म्हणजे 28 फेब्रुवारीला, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात दोन दिवसांचा रोबोटिक्सचा मेळावा घेऊ म्हणत होती. मांडव, वीज आणि चहापाणी तेवढं ग्रामपंचायतीनं पाहावं, असं त्यांचं मागणं. एक काका ताडकन उठले, "कापसाले भाव नाही अन् तुमी इथं रोबो नाचवता?" लगेच मागून आवाज आला, "जग कुठच्या कुठं गेलं, आपले पोट्टे अजून डवऱ्याच्याच मागं!" मग दोन तट पडले. एका तटाला मेळावा म्हणजे शेतकऱ्याच्या जखमेवर मीठ वाटत होतं, दुसऱ्याला तो गावाच्या उद्धाराचा रस्ता दिसत होता. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी त्या दिवशी गप्प बसलो, ते चुकलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रोबोटिक्सचे मेळावे विदर्भाच्या गावागावांत व्हायलाच हवेत. पण पोरांचे डोळे दिपवण्यासाठी ते घ्यायचे असतील, तर विरोध करणाऱ्या काकांच्या बाजूला मीही बसेन. जे यंत्र उद्या आपल्या वावरात उतरणार आहे, त्याला उतरण्याआधी चार प्रश्न विचारायचा, त्याचं झाकण उघडून आत पाहायचा आणि त्याला अटी घालायचा गावाला हक्क आहे. मेळावा ही तो हक्क बजावायची जागा. त्या सभेत दोन्ही तट एका गोष्टीवर न बोलता सहमत होते, की गाव हे प्रेक्षक आहे. एकाला प्रेक्षकानं घरी बसावं असं वाटत होतं, दुसऱ्याला त्यानं टाळ्या वाजवाव्यात असं वाटत होतं. गाव परीक्षकही होऊ शकतं, हे कोणी बोललंच नाही.

थोडा घोळ शब्दानंही केला आहे. 'यंत्रमानव' म्हटलं की लोकांना दोन हात, दोन पाय आणि लुकलुकते डोळे दिसतात. मग मेळाव्यात चार चाकांची एक फळी घरंगळताना पाहून माणसं हिरमुसतात. रोबो हा शब्द 1920 साली एका चेक नाटकातून जगात आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ. वेठबिगारी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ज्याच्याकडून वेठ घ्यायची, तो रोबो. म्हणजे गावानं विचारायचा पहिला प्रश्न त्या शब्दातच आहे: या यंत्रामुळं कोणाची वेठ सुटणार आणि कोणाच्या हातचं काम जाणार?

आणि खरं सांगायचं तर रोबोटिक्स गावात केव्हाच आलं आहे, फक्त त्याला कोणी त्या नावानं हाक मारली नाही. विहिरीवरच्या मोटरीला लावलेला ऑटोस्विच घ्या. रात्री दोनला थ्री फेज येते, अंधारात साप-विंचवातून वावरात जायला नको म्हणून लोकांनी ही डबी बसवली. वीज आली हे ती ओळखते, मोटर सुरू करायची हे ठरवते आणि करते. ओळखणं, ठरवणं, करणं: रोबोचा सारा संसार या तीन क्रियापदांत मावतो. पण पुढची गोष्टही गावाला ठाऊक आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा-वीस मोटरी, साऱ्यांना ऑटोस्विच, आणि वीज येताच सगळ्या एकाच क्षणाला उठतात. डीपी जळते. मग आठ-पंधरा दिवस सगळ्यांची पिकं उन्हात. प्रत्येक डबीनं आपल्या मालकाच्या दृष्टीनं शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. ते सारे शहाणे निर्णय एकत्र आले आणि गाव अंधारात गेलं. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांतून अनेक रोबो एकत्र चालवताना नेमका हाच पेच सोडवावा लागतो. प्रत्येक डबीत थोडा वेगवेगळा उशीर ठेवला, एक दहा सेकंदांनी उठली, दुसरी चाळीस सेकंदांनी, तर डीपीवरचा तो पहिला दणका विखुरला जातो. हे आठवीतल्या मुलीला पाच छोट्या मोटरी, एक बॅटरी आणि एक बल्ब घेऊन शाळेच्या ओट्यावर दाखवता येतं. पाचही एकदम सुरू केल्या की बल्ब मंदावतो. एकेक सुरू केली की उजेड फार हलत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत डीपी जळली आहे त्या माणसाला यापेक्षा चांगला रोबोटिक्सचा पहिला धडा मिळेल का?

आता विरोधकांचं सगळ्यात वजनदार म्हणणं. भाव नाही, ओलीत नाही, कर्ज डोक्यावर आहे, आत्महत्या थांबत नाहीत. अशा वेळी रोबोटिक्स ही चैन आहे. हे म्हणणाऱ्याला मागासलेला ठरवून उडवून लावणारे लोक मला पटत नाहीत. त्याचं दुःख खरं आहे आणि त्याचा संशयही अनुभवातून आलेला आहे. या भागात यंत्र जेव्हा जेव्हा आलं, ते दुसऱ्याच्या गरजेनं आलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जिनिंग आले, प्रेस आले, कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडं धावू लागल्या. त्या साऱ्या यंत्रांनी या मातीत पैसा आणला हे खरं. पण कोणतं यंत्र कुठं बसेल, ते कोणाच्या मालकीचं असेल, हे ठरवताना कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारलं होतं?

हा जुना इतिहास झाला, असं म्हणाल तर अलीकडचा सांगतो, कारण माझ्या मते साऱ्या वादाचं उत्तर त्यात आहे. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, साध्या, बिगर-बीटी सरकीचं. वावराच्या कडेनं त्या सरकीच्या ओळी लावायच्या होत्या. का? तर बीटीला न जुमानणारी एखाददुसरी अळी वाचलीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून त्या साध्या ओळींवरचे, बीटीला बळी पडणारे पतंग मिळावेत आणि पुढच्या पिढीत जुमानत नसलेल्या अळ्या माजू नयेत. सुंदर कल्पना आहे ही. पण ती आमच्यापर्यंत कल्पना म्हणून पोचलीच नाही, पाकीट म्हणून पोचली. ज्याचं उत्पन्न कमी, ज्यावर अळी पडणार हे आधीच माहीत, ती सरकी कोण लावणार? आमच्या घरी ते पाकीट गोठ्यातल्या कोनाड्यात पडून राहायचं. शेजाऱ्याच्या वावरात धुऱ्यावर फुटलेली अशी पाकिटं मी स्वतः पाहिली आहेत. पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि 2017 च्या हंगामात तिनं बोंडं आतून पोखरली. एकट्या त्या पाकिटामुळं हे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. लांबवलेले हंगाम, फरदड म्हणजे जुन्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक, वाणांची बजबजपुरी ही कारणंही होतीच. पण तंत्रज्ञानाचा सगळ्यात नाजूक भाग, ज्यावर बाकीचं सारं टिकून होतं, तो शेतकऱ्याला कोणी बसून समजावला नाही, एवढं मी ठामपणं म्हणतो. आणि 2017 च्या त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढलेली, पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला एक फडकं. ज्यांनी ती माणसं पाहिली आहेत, त्यांना 'तंत्रज्ञान समजून घेणं ही चैन' हे वाक्य उच्चारवणार नाही.

म्हणून भावाचा प्रश्न आधी आणि यंत्राचा नंतर, ही रांगच मला मान्य नाही. भाव मागताना आपण लागवडीचा खर्च मांडतो. त्या खर्चात मजुरी आहे, औषध आहे, बियाणं आहे, आणि उद्या यंत्राचं भाडंही असेल. यंत्र कोणाच्या हाती, त्याची दुरुस्ती कोण करणार, त्यानं वावराचे काढलेले फोटो कोणाकडं जाणार, हे ज्याला कळत नाही त्याला खर्चाचा हिशेबही दुसऱ्याकडूनच घ्यावा लागेल. भावाची लढाई लढणाऱ्यालाच यंत्र सगळ्यात आधी कळायला हवं.

कोणी म्हणेल, लोकांना विचारून तंत्रज्ञान ठरवता येत नाही. थोडंफार विचारून पाहिलेलं आहे. 2010 च्या सुरुवातीला बीटी वांग्यावर तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशातल्या सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातलं एक नागपूर होतं. 9 फेब्रुवारी 2010 ला वांग्याला स्थगिती मिळाली. निर्णय बरोबर की चूक हा वेगळा विषय. विचारलं गेलं याचं मोल मला आहे. पण एका दिवसाच्या सुनावणीत माणूस फार तर हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. वस्तू हाताळून, बिघडवून, पुन्हा जोडून पाहिल्याशिवाय 'हो, पण अशा अटीवर' असं म्हणता येत नाही, आणि शेतकऱ्याचं खरं उत्तर नेहमी त्या 'पण' नंतर असतं. ती जागा मिळाली नाही की काय होतं तेही आपण पाहिलं. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. त्याआधी कितीतरी हंगाम ते चोरवाटेनं वावरात पोचलेलं होतं. बंदी घालणारे कागदावर, विकणारे अंधारात आणि पेरणारे मधल्यामध्ये.

दुसरा आक्षेप मला याहून अवघड वाटतो, कारण तो माझ्या घरच्यांचा आहे. माझ्या मायनं तीस वर्षं निंदण केलं, कापूस वेचला. ती म्हणाली, "हे मशीन निंदीन अन् वेचीन, मंग आमी बायाईनं काय कराव?" विदर्भात निंदण आणि वेचणी हे बायांच्या हातचं काम, भूमिहीन घराची चूल त्यावर पेटते. जगभर निंदणाचे रोबो तयार होत आहेत. कापूस वेचणारं यंत्र आपल्याकडं अडलं आहे ते बोंडं एकदम न फुटता तीन-चार वेच्यांत फुटतात म्हणून. पण ते कायम अडून राहील असं समजायचं कारण नाही. तेव्हा 'रोबो कोणाचं काम खात नाही' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो खाईल. काही कामं तर आताच गेली आहेत: तणनाशकाच्या फवाऱ्यानं निंदणाच्या किती रोजी बुडवल्या, हे कोणत्याही गावातल्या बायांना विचारा. त्या बायांना कुठल्या सुनावणीला बोलावलं होतं? मेळावा न घेतल्यानं त्यांची एकही रोजी वाचणार नाही. मेळावा घेतला आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, तर निदान एवढं तरी होईल की यंत्रानं आधी कोणतं काम उचलायचं, यावर त्या बोलतील. मायला मी विचारलं. तिनं एका दमात सांगितलं, "फवारा त्याले देजो. वेचनी आमाले राहू दे." रोबोटिक्सचं धोरण ठरवणाऱ्या कितीजणांनी इतकं स्वच्छ सांगितलं असेल?

हा विचार या मातीला नवा नाही. गांधीजी यंत्राचे वैरी होते, असं शाळेत शिकवून मोकळं होतात. पण 1924 मध्येच त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद करून सांगितलं होतं की विरोध यंत्राच्या वेडाला आहे. आणि 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचा: खेड्यातल्या साध्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा, बाईला फार न थकता आठ तास चालवता यावा, त्या आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघावं, किंमत 150 रुपयांच्या वर जाऊ नये, 20 वर्षं टिकावा. सगळ्या अटींत बसणारा चरखा कोणी करू शकलं नाही, बक्षीस तसंच राहिलं. पण अभियंत्यांपुढं इतकी नेमकी, इतकी माणसाच्या बाजूची मागणी त्याआधी कोणी ठेवली होती? पुढं गांधीजी वर्ध्याला आले, 1938 मध्ये तिथं मगन संग्रहालय उघडलं, ते आजही पाहता येतं. रोबोटिक्सच्या मेळाव्याचा शेवट बक्षीस समारंभात होण्याऐवजी अशा अटींच्या कागदात व्हावा, असं मला मनापासून वाटतं. आमच्या गावाच्या अटी मी आत्ता सांगू शकतो. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत चाक रुतू नये. नेटवर्क नसताना चालावं. बिघडलं तर राळेगावच्या बाजारात दुरुस्त व्हावं, त्यासाठी पुण्याला पाठवावं लागू नये. बैलजोडीपेक्षा महाग असेल तर बचत गटाच्या मालकीचं असावं. केना, हरळी, लव्हाळा ही तणं आणि पऱ्हाटीचं दोन पानांचं रोप यांत त्यानं चूक करू नये.

ही शेवटची अट आली कशी तेही सांगतो. सभेतून निघताना एका म्हाताऱ्या कास्तकारानं त्या मुलांना विचारलं होतं, "मले एक सांगा, ते तन अन् पऱ्हाटी कसं वयखते?" मुलं म्हणाली, कॅमेरा आहे, ओळखतो. पण खरं उत्तर फार मोठं आहे. कोणीतरी आधी हजारो फोटोंवर हे तण, हे पीक असं लिहून द्यावं लागतं, तेव्हा यंत्र शिकतं. दुसऱ्या मुलखातल्या मातीत, दुसऱ्या तणांवर शिकलेलं यंत्र आपल्या वावरात चुकणार. मग आपल्या वावराचे फोटो काढून त्यावर नावं कोण लिहील? ज्या बायांनी तीस वर्षं निंदण केलं, त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला येतं? हे कौशल्य आहे, आणि त्याला दाम मिळायला हवा. तो म्हातारा नकळत रोबोटिक्सच्या गाभ्यालाच हात घालून गेला.

तिसरा आक्षेप, की असे मेळावे तमाशा होतात. होतात. मी एका शाळेतला मेळावा पाहिला आहे. फीत कापली, पाहुण्यांची भाषणं झाली, दोरीपलीकडं ठेवलेला रोबो 'सरां'नी रिमोटवर फिरवला आणि पुढं झालेल्या पोराला 'हात लावू नको' म्हणून मागं ओढलं. दुसऱ्या दिवशी रोबोचा संच कपाटात, कपाटाला कुलूप. असा मेळावा न झालेलाच बरा. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला 20 लाखांचं अनुदान मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. त्या मुलांची माय आणि बाप तिथं कधी येणार? म्हणून मेळावा शाळेबाहेर काढायला हवा, आणि त्याचं रूप बदलायला हवं.

ते कसं, हे मला मागच्या वर्षी कळंब तालुक्यातल्या एका गावात दिसलं. विज्ञान दिनच होता. एका विद्यार्थ्यानं तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो चाकांचा लाकडी बैल आणला होता. त्याच्या पाटाखाली दोन पिवळ्या मोटरी, आणि शिंगांच्या मधोमध दोन गोल भोकांचा सेन्सर. त्यानं वटवाघळाचं उदाहरण देऊन सांगितलं: एका भोकातून माणसाला ऐकू न येणारा आवाज जातो, समोर आदळून दुसऱ्यात परत येतो, त्याला किती वेळ लागला यावरून बैलाला अंतर कळतं. विटेपुढं बैल थांबला. घागरीपुढं थांबला. मास्तरांच्या पायापुढं थांबला. मग कोणीतरी शेजारच्या घरातून कापूस आणून ओट्यावर ढीग घातला. भावाची वाट पाहत बहुतेकांचा कापूस घरातच होता. बैल थांबला नाही. सरळ ढिगात शिरला, चाकांना धागे गुंडाळले आणि मोटर घरघरत राहिली. विद्यार्थी लालबुंद झाला, वायर काढून दुसरी लावू लागला. तेव्हा खांबाला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "वायर नको बदलू बापू. खोलीत कापूस भरला का माणसाचा आवाज बी दबते. तुह्या बैलाचा आवाज कापसानं पेला."

ती शंभर टक्के बरोबर होती. मऊ, सैल, तंतुमय वस्तू आवाज शोषतात, प्रतिध्वनी परत येत नाही. या सेन्सरची ती जगजाहीर मर्यादा आहे. पण त्या मुलानं ती कुठं वाचली असेल तरी त्याला ती कळली आजीकडून. पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. लोकांनी घरून पोतं आणलं, कुटार आणलं, ओलं धोतर, कोरडं धोतर, पत्रा, गोधडी. कोणी टेप धरला, कोणी फळ्यावर लिहू लागलं: कशापुढं बैल किती अंतरावर थांबतो आणि कशापुढं थांबतच नाही. आणि मग त्याच आजीनं विचारलं, "सुती लुगड्यात वाकून वेचनारी बाई दिसन का याले?" कोणी हसलं नाही. कारण सगळ्यांना कळलं की हा प्रश्न खेळण्यातल्या बैलाबद्दल नाही. असं यंत्र वावरात सोडायचं तर एकट्या सेन्सरवर भागणार नाही, दुसरा वेगळ्या जातीचा डोळा लागेल, आणि दोन्ही डोळे फसले तर यंत्रानं जागीच थांबलं पाहिजे. कारखान्यांच्या सुरक्षेचे नियम ज्या तत्त्वावर उभे आहेत, ते एका ओट्यावर अर्ध्या तासात गावानं स्वतः शोधून काढलं.

उत्साही मंडळींनाही माझं एक सांगणं आहे. रोबोटिक्स शिकलं की पोरं लाखांची नोकरी करतील, हे आमिष दाखवू नका. बहुतेक पोरं ते करणार नाहीत, आणि मग गाव म्हणेल फसवलं. कुतूहलाला आमिषाची गरज नसते. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान उतरलं तेव्हा गावोगाव लोक टीव्हीपुढं बसले होते, त्यातल्या कोणाला चंद्रावर नोकरी हवी होती? चारच दिवसांत 26 किलोच्या प्रज्ञान रोव्हरपुढं चार मीटरचा खड्डा आला आणि तो मागं फिरवला गेला. फिरायचं त्याला पृथ्वीवरून सांगितलं होतं. हे कळल्यावर आमच्या पानठेल्यावर अर्धा तास चर्चा चालली, की मग यंत्र किती हुशार आणि माणूस किती. ती चर्चा हेच तर आपल्याला हवं आहे.

जागा आणि मुहूर्त शोधायला लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला विदर्भातलं प्रत्येक पोर चाकांचा लाकडी बैल सजवून मिरवतं, चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. मोटर आणि बॅटरी बसवायला याहून तयार गाडी कुठली? दिवसही नेमके फवारणीचे. पूर्वेकडं झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, पंचक्रोशी लोटते. दिवसा तिथं एक मांडव घाला. बोला वऱ्हाडीत, झाडीबोलीत. गाडगेबाबांनी कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून बोलतं केलं, ती रीत या भागात रुजलेली आहे. रोबोवाल्यानं भाषण देण्यापेक्षा ती उचलावी. ड्रोन दीदी योजनेत 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायचं 2023 मध्ये ठरलं, किमतीच्या 80 टक्के, 8 लाखांपर्यंत अनुदान. ज्या गावात असा ड्रोन आहे, तिथं त्याच्या नोझलमधून औषधाऐवजी रंगीत पाणी सोडून पांढऱ्या कागदांच्या ओळींवर फवारून दाखवा. वारा आला की थेंब शेजारच्या वावरात किती जातात, हे कागदावर मोजता येईल. ते भाषणानं कळत नाही.

आता आमच्या ठरावाबद्दल. कायद्यानं ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. मेळाव्याचा विषय तिथं आलाच नव्हता. पुढच्या वेळी तो आधी तिथं जावा, अशी दुरुस्ती मी लेखी देणार आहे. मेळाव्याची वेळही बदलायची आहे: सकाळी अकराला बाया हरभऱ्याच्या सोंगणीवर असतात, म्हणून पहिली बैठक संध्याकाळी सातला, शाळेच्या ओट्यावर, फक्त मजुरी करणाऱ्या बायांसाठी. फीत नको, खुर्च्या नकोत, दोरी तर नकोच. त्या तीन मुलांना मी एवढंच सांगितलं आहे, की बैल घेऊन या, त्याचं झाकण उघडं ठेवा, आणि त्याच्या वाटेत कापसाचा एक ढीग घाला.